पर्याय चार, निर्णय एकही नाही

प्रश्न: प्रोस्टेटचा कमी जोखमीचा कर्करोग. शस्त्रक्रिया, रेडिएशन, ब्रेकीथेरपी (किरणोत्सर्गी कण प्रोस्टेटमध्येच ठेवणं) की देखरेख? एवढे पर्याय ऐकले की रुग्ण अडून बसतात. कसं समजवावं?

प्रतिसाद १: रुग्णच अडतात असं नाही. रेडेलमायर आणि शफीर या संशोधकांच्या १९९५ च्या अभ्यासात डॉक्टरांपुढे खुब्याच्या संधिवाताचा रुग्ण कागदावर मांडला होता. एकच औषध वापरून बघायचं राहिलेलं असताना ५३ टक्क्यांनी ते न देता शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. दोन राहिलेली असताना ७२ टक्क्यांनी. दोन सारख्या औषधांत निवड जमेना, म्हणून दोन्ही सोडली!

प्रतिसाद २: म्हणूनच चारही एकदम मांडू नका. आधी विचारा, तुम्हाला जास्त जपायचंय काय: लघवीवरचा ताबा, लैंगिक क्षमता, की गाठ काढून टाकल्याचं समाधान? मग एकच प्रश्न, आत्ता उपचार की देखरेख? उपचार ठरला तरच पुढचे तीन. आकडे सगळीकडे 'शंभरांपैकी किती' असेच द्या. एकीकडे 'वाचतात' आणि दुसरीकडे 'दगावतात' म्हटलं की तुलना तिथेच फसते.

प्रतिसाद ३: देखरेख म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. ठरावीक काळाने पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी), एमआरआय, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी. शिवाय या आजारात विचाराला सहसा काही आठवडे मिळतात, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा.