माद्रिद ते लिस्बन फक्त 20 मिनिटं? तिकीट बरोबर आहे ना?

गुहागरकर:
नमस्कार मंडळी. ताई लिस्बनला असते, जूनमध्ये आईला घेऊन तिच्याकडे जायचंय. मुंबई ते माद्रिद तिकीट झालंय, पुढचं विमान वेगळं बुक करतोय. पण तिथे सुटायची वेळ 3:35 आणि पोचायची 3:55 दाखवतंय, 20 मिनिटांत कसं काय पोचणार? अंतरसुद्धा एकीकडे 500 किमी, दुसरीकडे 625. आणि माद्रिदला मधे किती वेळ ठेवू? आईचे गुडघे दुखतात आणि ती पहिल्यांदाच विमानात बसतेय, तिची धावपळ नको. ट्रेन असेल तर तीही चालेल.

मालवणचो दर्यावर्दी:
तिकीट बरोबर आसा, घाबरू नको. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि लिस्बन माद्रिदच्या एक तास मागे आहे, म्हणजे खरा प्रवास 1 तास 20 मिनिटांचा. त्यातला हवेतला वेळ तासभरच, बाकी धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात जातो. येताना उलटं होईल, लिस्बनहून 3:35 ला सुटलास तर माद्रिदच्या घड्याळात 6 च्या आसपास वाजलेले असतील, तेव्हा पुढचं विमान चुकू देऊ नको. खरं तर माद्रिदसुद्धा लंडनच्या ग्रिनिचच्या, म्हणजे जिथून जगाची घड्याळं मोजतात त्या रेषेच्या, पश्चिमेलाच, म्हणजे वेळ लिस्बनसारखीच हवी, पण स्पेनने 1940 मध्ये घड्याळ एक तास पुढे नेलं ते तसंच राहिलं.

अंतराचं म्हणशील तर 500 हे सरळ रेषेत, आमच्या भाषेत 270 नॉटिकल मैल, आणि 625 रस्त्याने. तू गुहागरचा, तुला काय सांगायचं, धोपाव्याहून समोर दाभोळ दिसतं पण फेरीबोट चुकली की चिपळूणवरून केवढा वळसा पडतो!

कुडाळची लेक:
दादा, वेगळं तिकीट असेल तर मधे निदान 5 तास ठेवाच. शेंगेनची (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांची) प्रवेशाची तपासणी माद्रिदलाच होते, इमिग्रेशनची लाईन, मग सामान बेल्टवरून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. मी सव्वादोन तास ठेवले होते, काउंटरवर पोचले तेव्हा ते नुकतंच बंद झालेलं, पैसे परत नाहीत, नवीन तिकीट काढावं लागलं आणि मुलगा कडेवर झोपलेला, ती संध्याकाळ अजून आठवते. टर्मिनलही बघून ठेवा, टी4 बाकीच्यांपासून बरंच लांब आहे, बसने जावं लागतं. त्यापुढे लिस्बनला परत पासपोर्टची लाईन नसते.

आईंसाठी व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा, युरोपात फुकट असते पण 48 तास आधी कळवावं लागतं. आणि कोकम आगळाची बाटली नेणार असाल तर मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून, हातातल्या बॅगेत सिक्युरिटीला काढून घेतात.

दापोली ते दादर:
ट्रेनचा विचार सोडा. लुझितानिया नावाची रात्रीची गाडी होती, ती मार्च 2020 ला बंद झाली. बदलत बदलत जावं लागतं, दिवस जातो. बसलाही आठेक तास. आईंना घेऊन विमानच.

गुहागरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. 3:35 चं सोडलं, रात्री 8:50 चं घेतलं, आता मधे साडेसहा तास मिळतायत. ताई म्हणाली विमानतळ शहरातच आहे, मी न्यायला येते. व्हीलचेअर मागितली. आई आधी नको म्हणत होती, मग म्हणाली बरं, आणि आगळाच्या दोन बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवल्या.