मदत हवी आहे: पत्रिकेत बायकांच्या नावाआधी काय लावावं?

नमस्कार मंडळी. आमच्या खानापूरच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची पत्रिका मराठी आणि कन्नड, दोन्हीत छापायचीय. कच्चं प्रूफ आलं आणि वाद पेटला.

कन्नड बाजूला लग्न झालेल्या सगळ्यांना 'श्रीमती' आहे, तिकडे तीच रीत. तेच मराठीत उतरलं आणि खजिनदार वहिनींच्या सासूबाई चिडल्या, "माझा मुलगा धडधाकट आहे, हिला श्रीमती कशाला?" आपल्याकडे सवाष्णीला 'सौ.' आणि नवरा गेलेलीला 'श्रीमती', हेच डोक्यात बसलंय. आमच्या अध्यक्षा काकूंच्या नावाआधी कुणीतरी पेन्सिलीनं 'गं. भा.' (गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) लिहिलं. काकू गप्प बसल्या, पण मला ते फार लागलं. 2023 मध्ये महाराष्ट्रात हाच शब्द सरकारी वापरात आणायचं निघालं, तेव्हा केवढा विरोध झाला! आणि शिरोळ तालुक्यातलं हेरवाड इथून काही फार लांब नाही. तिथल्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला.

पुरुषांना सरसकट 'श्री.', त्यांचं लग्न झालंय का हे कुणी विचारत नाही. माझं मत, सगळ्यांना एकच लावा नाहीतर काहीच नको. पण 'सौ.' काढलं तर काही जणींना तो अपशकुन वाटतो, आणि त्यांनाही दुखवायचं नाहीये. 'सुश्री' कुणाला आपलं वाटत नाही.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळांनी काय केलंय? नुसतं 'ताई' छापलं तर चालेल का? घरच्या मोठ्यांची समजूत कशी काढलीत, तेही सांगा.