कंदवर्गीय बहुवर्षायू फुलझाडांना उंदीर, हुमणी आणि मावा यांचा एकाच वेळी उपद्रव : सेंद्रिय उपाय हवे आहेत

नमस्कार.

माझ्या बागेतील एका लांब वाफ्यात कर्दळ, डेलिया आणि निशिगंध आहेत व कडेला दोन जास्वंदी आहेत. ही सर्व झाडे चार वर्षांपासून त्याच जागी आहेत. हंगामी रोप गेले तर त्या हंगामापुरती हळहळ वाटते, परंतु वर्षानुवर्षे पसरत गेलेले कर्दळीचे बेट आतून पोखरले जाताना पाहणे फार जड जाते.

गेल्या पंधरवड्यात माती ओलसर असतानाही डेलियाची दोन झाडे भर दुपारी मान टाकू लागली. पहिले झाड सहज हलवून पाहिले तर ते हातातच आले. खाली कंदाचा जेमतेम अंगठ्याएवढा तुकडा उरला होता आणि त्यावर दातांच्या समांतर खाचा स्पष्ट दिसत होत्या. दुसऱ्या झाडाचा कंद मात्र शाबूत होता, पण त्याची तंतुमुळे जवळजवळ संपली होती. मातीत तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या तीन पांढऱ्या अळ्या सापडल्या. त्या हुमणीच्या असाव्यात. म्हणजे लक्षण एकच असले तरी चोर दोन आहेत. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आहे, तो वेगळाच.

लसूण-मिरचीचे पाणी शिंपडल्यावर उंदीर तीन-चार रात्री फिरकले नाहीत, नंतर पुन्हा आले. माव्यावर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली, पण आठवड्याभरात तो परतला. विष मला वापरायचे नाही, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी गेला तर त्यांनाही बाधा होते. उरलेले कंद न उपटता वाचवता येतील का, हुमणी बागेत मुळात कशामुळे आली असावी आणि फवारणीत माझे काय चुकते आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण कंद उकरून पाहिलात हे फार चांगले केलेत. बहुतेक जण झाड सुकले की पाणी वाढवत राहतात. उंदरांसाठी आधी चालू बिळे शोधावीत. संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तेथेच पिंजरे लावावेत. वासाचे उपाय पावसाने किंवा पाण्याने धुऊन जातात, त्यामुळे माझा भरवसा जाळीवरच आहे. सुमारे सहा मिलिमीटर छिद्रांची गॅल्वनाइज्ड जाळी वाफ्याभोवती किमान तीस सेंटिमीटर खोल पुरून तेवढीच वर ठेवावी. बेट विरळ करण्याच्या वेळी मात्र कंद त्याच जाळीच्या टोपलीत लावावेत, कारण बाजूची जाळी खालून येणाऱ्याला अडवतेच असे नाही. वाफ्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असल्यास ते खोडापासून वीतभर दूर सारावे. उंदरांना त्याखाली आयता आडोसा मिळतो.

हुमणीचे मूळ बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतात असते, कारण भुंगेरे (हुमणी ही त्यांचीच अळी) अशा खतात अंडी घालतात. यापुढे पूर्ण कुजलेलेच खत घालावे, माती हलक्या हाताने उकरून अळ्या वेचाव्यात आणि ओलावा असताना मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मुळांजवळ मिसळावी. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

माव्याबाबत एक गोष्ट पाहावी : जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग आहे का? मावा सोडत असलेल्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वाट अडवल्याशिवाय फवारणी टिकत नाही. एक लिटर पाण्यात थोडा द्रवरूप साबण विरघळवून मगच पाच मिलिलिटर तेल घालावे आणि पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. कडुनिंबातील घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो आणि दिवसा मधमाश्या फुलांवर असतात, म्हणून वेळ सूर्यास्तानंतरची ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ती :

मनःपूर्वक आभार. मुंग्यांची रांग आहे, आणि मी फवारणी सकाळी नऊला करत होते. गेल्या महिन्यात घातलेले शेणखतही हाताला ढेकळासारखे लागत होते. आज बिळे बुजवली आहेत, सात आहेत. उद्या सकाळी किती उघडतात ते येथे कळवते.