लिनक्सवर आवाज उशिरा येतो, हे कारण आता पुरे

खर्जातला (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि माझा जुना लॅपटॉप अकराव्या आवृत्तीसाठी नापास झाला. भंगारात टाकायचं जिवावर आलं म्हणून त्यावर उबुंटू स्टुडिओ हे संगीतकामासाठीचं लिनक्स टाकलं. लगेच ग्रुपवरच्या दोन जाणकारांचा सल्ला आला: "मेल-बिल ठीक आहे, पण वाजवायला घेऊ नकोस. लिनक्सवर लेटन्सी, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, फार. आज पट्टी दाबशील, सूर उद्या येईल."

हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय. यावेळी मोजलं.

ऑडिओ इंटरफेसच्या (माइक-वाद्यं संगणकाला जोडणारी डबी) आउटपुटमधून पाव इंची जॅकची केबल काढली आणि त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये खोचली. जॅक-आयओडिले नावाची एक चिमुकली आज्ञा आहे. ती एक किरकिरा सूर बाहेर सोडते आणि तो फिरून परत यायला किती वेळ लागला ते सांगते. बफर (आवाजाचा एका वेळी हाताळायचा तुकडा) ६४ सॅम्पल, दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल, पिरियड (असे तुकडे) तीन. आकडा आला ८.१ मिलिसेकंद, जाऊन-येऊन. शेजारी आमचं मांजर बसलं होतं, ते तेवढ्यात उठून गेलं, पण त्याचं कारण तो सूर असावा.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ८ मिलिसेकंद हे पावणेतीन मीटर झाले. संगीत नाटकात रंगमंचाच्या पुढ्यात बसलेला ऑर्गनवाला नटापासून कित्येकदा याहून लांब असतो, आणि तरी पदं तालात होतात ना?

माझं म्हणणं सरळ आहे. रिअल टाइम कर्नलमुळे (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) लिनक्स वेगवान झालंय. लेटन्सीचं कारण सांगणाऱ्यांनी आता दुसरं कारण शोधावं.

धा_तिरकिट

मोजलंत याबद्दल दंडवत. पण ऑर्गनवाल्याचा दाखला चुकलाय.

ऑर्गनवाल्याला *नटाचा* आवाज उशिरा येतो. त्याच्या *स्वतःच्या* बोटाखालचा सूर अर्ध्या मीटरवरून येतो. दोन्ही उशीर सारखे नव्हेत. समोरचा उशिरा ऐकू आला तर आपण त्याच्याशी जुळवून घेतो, ते शिकता येतं. स्वतःचीच थाप उशिरा आली तर हात जड होतो. मी एकदा मित्राच्या पॅडवर तबल्याचे नमुने वाजवून पाहिले. बफर १०२४ वर राहिला होता, म्हणजे नुसत्या बफरचेच २१ मिलिसेकंद. तिरकिट सुरू केलं आणि दुसऱ्या आवर्तनात माझी लय आपोआप बसली. खाली बसली, म्हणजे ढेपाळली.

दुसरा मुद्दा याहून मोठा. तबला, पेटी, गळा यांचं रेकॉर्डिंग करताना लेटन्सीचं करायचंय काय? इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला जातो. आधीचा ट्रॅक आणि नवा ट्रॅक एका रेषेत आणण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. आपल्याकडचे निम्मे लोक हार्डवेअरच्या बटणाने सुटणाऱ्या प्रश्नासाठी कर्नल बदलत बसतात. लेटन्सीची खरी गरज आवाज संगणकातच तयार होत असेल तेव्हा: सिंथ, सॅम्पलर, गिटारचा अँप.

स्टुडिओवाला_डोंबिवली

मिलिसेकंदांचं कीर्तन छान रंगलंय. आता पोटापाण्याचं बोलू?

मी १४ बाय १० च्या खोलीत स्टुडिओ चालवतो. गणपतीच्या आधीचे सहा आठवडे म्हणजे माझं निम्मं वर्ष. गायक, गीतकार आणि पैसे घालणारा असे तिघं सोफ्यावर बसलेले असतात. त्यांना सनई हवी, ढोल हवा, आणि "जरा भरीव" हवं. माझ्या या सगळ्या लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या नमुन्यांचे संच, कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमधल्या. कॉन्टॅक्ट लिनक्सवर येत नाही. काही प्लगइनचा (जोड-सॉफ्टवेअरचा) परवाना आयलॉक या परवाना-कुलपात आहे, तेही लिनक्सला येत नाही.

आणि "वाइन आहे, याब्रिज आहे" हे मला सांगू नका, विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायच्या या दोन्ही युक्त्या करून झाल्यात. पाचपैकी चार प्लगइन उघडले, खरंच कौतुक वाटलं. पाचवा उघडला आणि पांढरा चौकोन आला, आत काही नाही. मी टर्मिनलमध्ये, सोफ्यावरचे तिघं माझ्या पाठीकडे बघतायत. तासाचे पैसे घेतो मी. तो तास कुणाच्या नावावर टाकू?

त्यात माझा इंटरफेस. कंपनीचं नाव घेत नाही. आतला मिक्सर फक्त तिच्या विंडोज आणि मॅकच्या ॲपमधून हलतो. लिनक्सवर आवाज येतो, पण हेडफोनमध्ये कुणाला काय ऐकवायचं ते ठरवता येत नाही. कंपनीला मेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही, धन्यवाद.

तुमचे ८.१ मिलिसेकंद मान्य. ते फुकट मिळाले तरी मला परवडत नाहीत.

इसारकाठचा

म्युनिकहून, रात्री साडेअकरा वाजता. माझी नोकरी कर्नलच्या आसपासची, म्हणून एक दुरुस्ती केल्याशिवाय झोप येणार नाही.

खर्जातला, "रिअल टाइम कर्नलमुळे लिनक्स वेगवान झालं" हे उलटं आहे. रिअल टाइम कर्नल एकूण कामाच्या हिशेबाने कित्येकदा किंचित *हळू* असतो. तो वेग देत नाही, वचन देतो. ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे दर १.३३ मिलिसेकंदाला एक मुदत. सेकंदाला ७५०, तासाला २७ लाख. या २७ लाखांपैकी एक मुदत चुकली की 'टक्' असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा बसतो. त्याला एक्सरन म्हणतात. सरासरी उत्तम असून काडीचा उपयोग नाही, सगळ्यात वाईट वेळ किती वाईट होते तेवढंच विचारायचं. बफर लहान ठेवणं कुणालाही जमतं, विंडोजवरही. तो लहान ठेवून तासभर टक् न होणं ही खरी परीक्षा.

ते वचन मुख्य कर्नलमध्ये यायला वीसेक वर्षं गेली. प्रीएम्प्ट-आरटी या रिअल टाइम बदलाचे तुकडे एकेक करत आत गेले आणि शेवटचा भाग कर्नलच्या ६.१२ आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ ला आला. पण गंमत अशी की घरच्या पेटीवाल्याला बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. साधा कर्नल, ऑडिओ गटाला आरटीप्रायो (आधी नंबर) आणि मेमलॉकची (मेमरी अडवून ठेवायची) परवानगी, एवढ्यावर १२८ चा बफर सुखाने चालतो. लॅपटॉपवर टक् टक् व्हायला लागलं तर कर्नलला शिव्या घालण्याआधी वायफाय बंद करून बघा आणि प्रोसेसरची वीजबचत बंद करा.

पूर्वी खरा वैताग वेगळाच होता. पॉल डेव्हिसने आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी २००२ च्या सुमाराला जॅक हे आवाज इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर लिहिलं. काम करायला सुंदर, पण ब्राउझर आणि सिस्टीमचा बाकी आवाज पल्सऑडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या हातात. एक साउंडकार्ड, दोन सासवा. जॅक सुरू केलं की ब्राउझर मुका. ते भांडण विम टायमन्सच्या पाइपवायरने मिटवलं. फेडोरा या लिनक्सने ३४ व्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, ते मुळातच बसवलं आणि पाइपवायरचं १.० यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पंधरा वर्षं ऐकलेलं वाक्य म्हणता ना? त्यातली पहिली दहा वर्षं ते वाक्य बरोबरच होतं.

आणि ते ८.१ तुमच्याच बाजूने कमी करून देतो. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधली पेटी वाजवताना आवाज फक्त बाहेर जातो, आत येत नाही. म्हणजे तुम्हाला लागू होणारा आकडा याहून लहान.

खर्जातला

'वचन' हा शब्द मान्य, 'वेगवान' मागे घेतो. आणि कबुली देतो: पहिल्या तासात माझ्याकडे तीन टक् झाले होते, मी धाग्यात लिहिलं नाही. वीजबचत बंद केल्यावर गेले.

धा_तिरकिट, दाखला चुकला हेही मान्य. (ऑर्गनवाल्यांची माफी.)

पण स्टुडिओवाले, तुमच्या यादीतली एकही गोष्ट लेटन्सी नाही. तुम्ही जे सांगताय ते परवान्याचं आणि कंपन्यांच्या मर्जीचं दुखणं आहे. इंटरफेसचंच घ्या. स्कार्लेट इंटरफेसच्या अनेक मॉडेलांचा मिक्सर आता लिनक्समधून हलतो, कारण एका बाहेरच्या माणसाने ड्रायव्हर लिहिला आणि तो कर्नलमध्ये गेला. खरेदीच्या आधी दहा मिनिटं शोधलं असतं तर...

आणि मला विंडोजवर कधी सुचलं नसतं ते इथे मिळालं. सर्ज नावाचा फुकट सिंथ आहे, त्यात स्काला (स्वरांची मापं लिहिलेली) फाईल टाकून स्वरांतरं बदलता येतात. पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा ३८६ वर. चौदा सेंट. तो गंधार लावून पहिल्यांदा भूप वाजवला आणि नंतर खऱ्या पेटीला दोन दिवस हात लावला नाही.

स्टुडिओवाला_डोंबिवली

"खरेदीच्या आधी दहा मिनिटं शोधलं असतं" म्हणे! इंटरफेस घेतला तेव्हा लिनक्स माझ्या स्वप्नातही नव्हतं, राव. लग्न ठरवताना मुलीला घाटावरची भाषा येते का विचारलं नव्हतं, आता म्हणतोय बदली कोल्हापूरला झाली.

आणि सर्ज माझ्या विंडोजवरही चालतो. तोच गंधार, तेच ३८६. त्याचं श्रेय लिनक्सला कशाला?

धा_तिरकिट

सर्जच्या मुद्द्याला +१. वाद लिनक्सचा चाललाय की मुक्त सॉफ्टवेअरचा, ते आधी ठरवा. आर्डरसुद्धा विंडोजवर चालतं.

भजनी_लातूर

सगळे मोठे लोक आहात, मी बारावीनंतर घरी बसून शिकतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

दादा, आमच्याकडं विंडोज की लिनक्स असा वाद नसतो. आमच्याकडं क्रॅक की लिनक्स असा वाद असतो. तालुक्याला ज्याचा स्टुडिओ आहे त्याचं एकही सॉफ्टवेअर विकतचं नाही. मीही पेनड्राइव्हवर तेच आणलं होतं. त्यासोबत जे आलं त्यानं काकड्याच्या दोन वर्षांच्या फायली कुलूपबंद केल्या. पैसे मागत होतं, इंग्रजीत. पखवाजवाले आबा त्या रेकॉर्डिंगमध्ये होते, आता ते नाहीत.

तेव्हापासून लिनक्स आणि आर्डर. चार जीबीची रॅम आहे. पखवाज, पेटी, टाळ, दोन माइक. धा_तिरकिट दादा म्हणतात तसं बटण फिरवतो, लेटन्सीचं काही कळत नाही आणि अडतही नाही. अडतं ते विचारायला कोण नसतं तेव्हा. मराठीत व्हिडिओ बघायला गेलं की सगळे एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरचे. पाइपवायरमध्ये 'प्रो ऑडिओ' नावाचं प्रोफाइल निवडायचं असतं हे कळायला मला तीन महिने लागले. तोवर दोन्ही माइक एकाच ट्रॅकवर येत होते.

एक विचारायचं होतं. बफर १२८ ठेवू की २५६?

इसारकाठचा

१०२४ ठेव. डायरेक्ट मॉनिटर वापरतोस ना, मग लहान बफर म्हणजे त्या चार जीबीच्या जिवावर उगाच ओझं. आणि फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आजच. त्या तीन महिन्यांचं मला वाईट वाटतं. मलाही ते प्रोफाइल कुणी सांगितलं नव्हतं, फक्त मला जर्मन सहकारी होता विचारायला.

स्टुडिओवाला_डोंबिवली

क्रॅकची गोष्ट खरी आहे आणि ती या धंद्यात कुणी उघड बोलत नाही. माझं सगळं विकतचं आहे, पण पहिल्या चार वर्षांचं विचारू नका.

लातूरकर, तुझ्यासारख्याला मी लिनक्सच सांगेन. माझ्यासारख्याला नाही. माझ्याकडे गेल्या दहा वर्षांचे प्रोजेक्ट आहेत, ते परत उघडून "मागच्या वर्षीचीच आरती, फक्त मंडळाचं नाव बदला" असं करावं लागतं. ते ज्या मशीनवर उघडतील तेच माझं मशीन.

खर्जातला

हे पटलं. तरी एक विचारतो. नवं काम, शून्यापासून, फक्त पेटी-तबला-गळा. कुठलीही लायब्ररी नाही. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती आहेच, तुम्हीही रीपरच वापरता असं मागे म्हणाला होतात. तेवढं एक गाणं?

स्टुडिओवाला_डोंबिवली

एक गाणं. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी लॅपटॉप घेऊन या. पेटी तुमची, माइक माझे, तबल्याला धा_तिरकिट मोकळे असतील तर त्यांना आणा. बफर ६४, वायफाय बंद, घड्याळ लावून एक तास. एक जरी टक् झालं तर वडापाव तुमच्याकडून, आणि हो, मोजायची केबल आणा, माझी गेल्या आठवड्यात एका गिटारवाल्याने नेली.

धा_तिरकिट

मोकळा आहे. डग्गा डोंबिवली लोकलमध्ये कोण उचलणार ते आधी ठरवा.