बँडवरच्या स्टेप्स: खऱ्या किती, खोट्या किती?

पोळपाट_लाटणं
नवऱ्याने वाढदिवसाला मनगटावरचा बँड आणून दिला, महिना झाला घालतेय. आज मुद्दाम प्रयोग केला. कणीक मळायच्या आधी आकडा बघितला, १,१०६. मग कणीक मळली, बावीस पोळ्या लाटल्या, गॅस शेजारीच, ओट्यापासून एक पाऊल हलले नाही, आणि परत बघते तर १,५२४! म्हणजे ४१८ पावलं मी पोळपाटावर चालले. बरं संध्याकाळी मंडईत गेले, जाताना साडेआठशे स्टेप्स, येताना दोन्ही हातात पिशव्या, तोच रस्ता, तर पाचशेच. रस्ता आखडला की काय? माझं स्पष्ट मत, हे हजारो रुपयांचं खेळणं आहे. याच आकड्यावर लोक ऑफिसात बक्षिसं घेतात आणि विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात, हे तर मला अजिबात पटत नाही.

गणिती_आप्पा
खेळणं म्हणू नका ताई. त्या बिचाऱ्याला तुमचे पाय कुठे दिसतायत? आत एक बारकी चिप असते, अ‍ॅक्सेलरोमीटर, ती तीन दिशांना हात किती झटक्याने हलतोय तेवढं मोजते. चालताना हात ठरावीक तालात हलतात, तो ताल सापडला की स्टेप. एखाददुसरा झटका धरत नाहीत, सलग काही हेलकावे एका लयीत आले तरच मोजणी सुरू होते, म्हणून डोकं खाजवलं तर आकडा वाढत नाही. पण लाटणं लयीतच चालतं ना! आणि पिशवीने हात खाली ओढून धरला की हेलकावाच जातो. ट्रॉली ढकलताना, बाबागाडी ढकलताना तेच. एकीकडे वाढतं, एकीकडे घटतं, दिवसाअखेर बरंचसं फिट्टंफाट होतं.

टिपरूवाला
फिट्टंफाट?? आप्पा, गणपतीच्या आधी या आमच्या पथकाच्या सरावाला. दोन तास एका जागी उभं राहून ढोल वाजवला, बँडवर ९ हजार 😂 त्या महिन्यात ऑफिसच्या स्टेप चॅलेंजमध्ये मी पहिला आलो होतो, दुसरा आलेला रोज पहाटे टेकडी चढायचा. अजून बोलत नाही तो माझ्याशी.

पोळपाट_लाटणं
बघा! मी काय म्हणत होते.

निवृत्त_आणि_निवांत
मी ७१ वर्षांचा. तुमची चर्चा वाचून आज सोसायटीच्या मैदानात मोजून पाहिलं. मोजायला जपमाळ घेतली, १०८ मणी, दर दहा पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे एक माळ संपली की १,०८० पावलं. बँड डाव्या हातात, माळ उजव्या. पहिली फेरी हात मोकळे सोडून चाललो, बँड म्हणाला १,०६३. हे उत्तमच म्हणायचं. दुसरी फेरी माझ्या रोजच्या पद्धतीने, हात पाठीमागे बांधून, सावकाश. बँड म्हणाला ८९४. म्हणजे एवढे दिवस माझी शंभरातली सतरा पावलं गहाळ होत होती आणि सूनबाई मला ऐकवत होत्या की बाबा तुमचं चालणं कमी झालंय.

गणिती_आप्पा
काका, एखादा मणी सुटला असेल.

निवृत्त_आणि_निवांत
चाळीस वर्षं जप करतोय. मणी सुटत नाही.

गुडघेदुखी_विभाग
मी फिजिओथेरपिस्ट आहे, काकांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. तरुण माणूस झपझप चालतो तेव्हा यातले बहुतेक बँड ठीक मोजतात. गडबड होते ती हळू चालणाऱ्यांची, पाय घासत चालणाऱ्यांची, आणि वॉकर धरणाऱ्यांची तर फारच, कारण हात वॉकरवर घट्ट. माझ्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी यायच्या, घरातल्या घरात दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि बँडवर बघून रडकुंडीला यायच्या की मी एवढी चालते तरी दोनशेच कसे. शेवटी बँड काढून घोट्याला बांधायला सांगितलं, तेव्हा कुठे आकडा जागेवर आला. ज्यांना मोजायची खरी गरज, त्यांचंच मोजमाप चुकतं, आणि दिवसाअखेर सगळं फिट्टंफाट होतं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

गणिती_आप्पा
मान्य, वॉकरचं मान्य. पण सगळ्याच वस्तूला खोटं का पाडायचं? आपल्या घरचा वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी रोज तेवढाच जास्त दाखवत असेल तर वजन वाढलं की घटलं ते कळतंच ना. मागच्या महिन्यात माझी सरासरी ५ हजार, या महिन्यात ७ हजार, मी जास्त चाललो, विषय संपला. तुमच्या बँडशी माझा बँड ताडून बघायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

टिपरूवाला
वजनकाटा रोज सारखा चुकतो हो, बँड कुठे सारखा चुकतो? माझा सरावाच्या दिवशी वर, एरवी खाली 😀

आकडेमोड
२०१५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी १४ जणांना ट्रेडमिलवर ५०० आणि १५०० पावलं चालवून ताडून पाहिलं होतं. खिशातले फोन साधारण सहा-सात टक्क्यांच्या आत चुकले आणि मनगटावरचा एक बँड तब्बल बावीस टक्क्यांहून जास्त कमी मोजत होता. म्हणजे पैसे न घालवता फोनच बरा. आता बँड सुधारलेत हे खरं, पण तिथे चालणारेही धडधाकट होते आणि ट्रेडमिलवर ना पिशव्या ना खड्डे.
आणि ज्या १० हजारांसाठी ही मारामारी, तो आकडा मुळात डॉक्टरांनी दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं यंत्र काढलं, नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव चाललं, आकडा चिकटला. २०१९ मध्ये साधारण ७२ वर्षांच्या सरासरी वयाच्या १६ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्येही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक दिसला नाही. गंमत म्हणजे ती मोजणी कमरेवरच्या यंत्राने केली होती, मनगटावरच्या नाही. तेव्हा मनगटावरचे साडेसात आणि त्यांचे साडेसात एकच हेही गृहीत धरू नका.

निवृत्त_आणि_निवांत
म्हणजे माझे बरे चाललेत. हे सूनबाईंना वाचून दाखवतो.

गणिती_आप्पा
ताई, एक करा. तुमचा बँड कुठल्या हातात आहे? उजव्यात असेल तर डाव्यात घाला, काही अ‍ॅपमध्ये कामाचा हात की दुसरा असं सेटिंगही असतं, ते नीट निवडा.

पोळपाट_लाटणं
केलं की आज सकाळी. डाव्या हातात घातला, सेटिंगही बदललं. बावीसच पोळ्या. ४१८ चे २९६ झाले.

गणिती_आप्पा
बघा, सुधारला!

पोळपाट_लाटणं
आप्पा, लाटणं दोन्ही हातांनी धरतात. तुम्ही कधी धरलं नसेल. काल लाटताना काढून फ्रिजवर ठेवला होता, तर परत घालायचा राहिला आणि मंडईत जाऊन येऊनही दिवसभराच्या स्टेप्स जिथल्या तिथे.