मदत हवी आहे: दमट हवेत साठवणीचा गहू कसा टिकवावा?

आमच्या पाच माणसांच्या घरात एप्रिलमध्ये एकदम १०० किलो लोकवन गहू भरण्याची सासूबाईंची पद्धत आहे आणि पैशांच्या दृष्टीने ती मला पटतेही. परंतु त्यांची सवय सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली, तर आम्ही राहतो ठाण्यात, जिथे श्रावण लागेपर्यंत गव्हात टोके होतात.

गहू उन्हात खडखडीत वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचे थर देऊन भरला होता, तरीही कीड लागली. घरात रांगते बाळ असल्यामुळे पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर वापरायची नाही (दुकानदार मात्र त्याच हाती देतो), आणि गच्ची सामायिक असल्याने पावसाळ्यात पुन्हा वाळवणे शक्य नाही.

आता सासूबाईंच्या सांगण्यावरून एरंडेल चोळून पाहण्याचा विचार आहे, पण त्या सगळे अंदाजानेच करीत आल्या आहेत. कोकणपट्टीत किंवा मुंबईकडे ज्यांनी असा गहू दिवाळीपर्यंत टिकवला आहे, त्यांनी कृपया सांगावे: १० किलोला एरंडेल किती घ्यावे आणि असा गहू दळणाला देण्यापूर्वी धुऊन वाळवावा लागतो का?