टांगानिका सरोवराकाठची संध्याकाळ

महालेच्या लॉजवर अंधार पडल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही, हे काही पर्यटकांचे मत मला पटत नाही. टांझानियातील हे राष्ट्रीय उद्यान टांगानिका सरोवराच्या पूर्व काठावर असल्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे, काँगोच्या डोंगरांमागे मावळतो. आणि अमावास्या जवळ असेल, तर खरे दृश्य त्यानंतरच सुरू होते. उद्यानाच्या हद्दीबाहेर, दूर पाण्यात, ‘डागा’ नावाचे बोटभर मासे पकडणारे कोळी होड्यांवर दिवे लावतात. उजेडाकडे सूक्ष्म जीव ओढले जातात, त्यांच्या मागोमाग मासे येतात आणि मग जाळे वर उचलले जाते. पौर्णिमेच्या सुमारास चांदण्यापुढे दिव्यांचे काही चालत नाही, म्हणून ही मासेमारी बहुतांशी थांबते. मुक्कामाच्या तारखा ठरवताना इथले चिंपांझी पाहण्याच्या हंगामाबरोबरच पंचांगही आवर्जून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.